वाळवंटात गाव वसवायचे तर



ज्या सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हांला भूगर्भशास्त्र शिकवले ते फळ्यासमोर कमी आणि विहिरीच्या काठावर जास्त. पाणी कुठे लागेल, असे विचारत येणाऱ्या शेतकऱ्याला ते उलट विचारायचे, किती वर्षे पुरायला हवे? आणि माणसे, जनावरे मिळून तोंडे किती? याची उत्तरे मिळाल्याशिवाय ते जागेवरून उठत नसत. माझे आजचे व्याख्यान म्हणजे त्या दोन प्रश्नांचाच विस्तार आहे. श्रेय त्यांचे, लांबण माझी.

दूरच्या वाळवंटी मुलखात नवी वस्ती काढायची तर काय पाहावे, काय टाळावे, असा आजचा विषय. त्यासाठी मी ऑस्ट्रेलियाचा अंतर्भाग निवडला आहे. कामानिमित्त तो मुलूख पाहिला, तिथल्या कूपनलिकांच्या नोंदी चाळण्यात उमेदीची वर्षे गेली, हे एक कारण. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे. गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत तिथे वाळवंटात वस्ती काढण्याचे जवळजवळ सगळे प्रकार करून झाले आहेत. गव्हाचे गाव, सोन्याचे गाव, तारेचे ठाणे, रेल्वेचे गाव, जमिनीखालचे गाव. काही उभी आहेत, बरीच पडली, आणि सरकारी दप्तरात सगळ्यांच्या नोंदी आहेत. आपल्याकडचे जैसलमेर बाराव्या शतकापासून उभे आहे. पण तिथले शहाणपण इतके मुरलेले आहे की पाहुण्याला चुका दिसतच नाहीत. शिकणाऱ्याला चुका दिसाव्या लागतात.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. वाळवंटात सरासरी धरून वस्ती काढू नये. सर्वांत वाईट वर्ष, सर्वांत तापलेली दुपार आणि सर्वांत आजारी माणूस धरून काढावी.

सुरुवात जॉर्ज गॉयडर या माणसापासून करतो. हा दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या जमीन मोजणी खात्यातला अधिकारी. १८५७ साली, तरुणपणी, त्याला उत्तरेकडे टॉरेन्स सरोवराच्या बाजूला पाहणीसाठी पाठवले. नुकताच पाऊस होऊन गेला होता. त्याला गोडे पाणी दिसले, हिरवळ दिसली, आणि त्याने तसा अहवाल दिला. अॅडलेडमध्ये आनंदीआनंद झाला. काही महिन्यांनी सर्व्हेअर जनरल फ्रीलिंग स्वतः निघाले, आणि सोबत होडी घेऊन निघाले! तिथे पोचले तेव्हा होडी टाकायला पाणी नव्हते. जेमतेम पाणी आणि मैलोगणती चिखल. एका पावसावर हुरळून जाण्याची किंमत गॉयडरला भर दरबारात मोजावी लागली.

पुढे १८६१ मध्ये तोच सर्व्हेअर जनरल झाला. १८६३ ते १८६५ या काळात मोठा दुष्काळ पडला, मेंढपाळ खंडात सूट मागू लागले, आणि दुष्काळ नेमका कुठपर्यंत पोचला आहे ते आखून आणायला सरकारने गॉयडरला धाडले. घोड्यावरून त्याने तो सगळा पट्टा पालथा घातला आणि १८६५ मध्ये नकाशावर एक रेघ ओढली. तिला आजही गॉयडरची रेघ म्हणतात. दक्षिणेला शेती जमेल, उत्तरेला जमणार नाही. पर्जन्यमापके त्या भागात फारशी नव्हती. मग रेघ ओढली कशावरून? झाडोऱ्यावरून. जमिनीतल्या एकाच बुडख्यातून अनेक खोडे फुटणारे मॅली जातीचे निलगिरी वृक्ष जिथे संपतात आणि खाऱ्या मातीत तग धरणारी करड्या पानांची झुडपे जिथे सुरू होतात, तिथे त्याने हद्द मानली. एका वर्षाचा पाऊस माणसाला फसवतो, शंभर वर्षे एका जागी तगलेली झुडपे फसवत नाहीत. नव्या मुलखात गेल्यावर पहिले काम हे. पाणाड्याला नंतर बोलवा, आधी वनस्पती ओळखणाऱ्याला न्या.

ही रेघ साधारण अडीचशे ते तीनशे मिलिमीटर पावसाच्या पट्ट्यातून जाते. इथे आपल्यापैकी कुणी माणदेशातले असतील तर त्यांच्या भुवया वर जातील. आमच्याकडे पाचशे मिलिमीटरमध्ये टँकर लागतात आणि तिकडे तीनशेत गहू कसा? उत्तर असे की तिथला पाऊस हिवाळ्यात पडतो. थंडीत पडलेले पाणी उडून जात नाही, पिकाच्या मुळाशी राहते. तेव्हा पावसाचा नुसता आकडा कुणी सांगितला तर समाधान मानू नका. कोणत्या महिन्यात पडतो, किती दिवसांत पडतो, हे विचारा.

आता गंमत पाहा. १८७२ च्या कायद्याने या रेघेपर्यंत जमिनी हप्त्याने विकत घेण्याची सोय झाली. नेमकी त्यानंतर काही वर्षे पाऊस चांगला झाला. शेतकरी म्हणू लागले, रेघ खोटी आहे. पुढारी म्हणू लागले, रेघ प्रगतीच्या आड येते. नांगर गेला की मागोमाग पाऊस येतो, असा एक सिद्धांतही त्या काळी फिरत होता. अमेरिकेतही त्याचे भाविक होते. १८७४ मध्ये ती मर्यादा उठवली. लोक घरदार घेऊन उत्तरेला सरकले. १८७८ मध्ये बरेच वर एक गाव आखले गेले आणि त्याला लॅटिनमध्ये पिठाचे नाव दिले, फरीना. आता इथे गव्हाची कोठारे होणार असा हिशेब. १८८२ मध्ये आगगाडी आली, हॉटेले आली, बेकरीसुद्धा आली. गहू मात्र आला नाही. १८८० नंतरच्या दुष्काळांनी शेतकरी कर्जासकट माघारी फिरले. फरीना आगगाडी आणि उंटांच्या वाहतुकीवर काही दशके तगले आणि मग संपले. आता तिथे दगडी भिंती आहेत. दक्षिण ऑस्ट्रेलियात रेघेच्या उत्तरेला फिरताना अशी छप्पर उडालेली घरे बरीच दिसतात. बांधकाम उत्तम, दगड घडीव, चूलखणाची चिमणी शाबूत. गवंड्याची चूक नव्हतीच.

म्हणून हिशेब असा करावा. मिळतील तितक्या जुन्या वर्षांचा पाऊस गोळा करा. त्यातली लागोपाठची सर्वांत कोरडी तीन वर्षे काढा. त्या तीन वर्षांत जेवढी तोंडे जगतील तेवढीच घरे बांधा. चांगल्या वर्षी पाहुणे बोलवा, जनावरे वाढवा, पण घरे वाढवू नका. नोंदी नसतील तर तिथल्या म्हाताऱ्यांना विचारा. आणि पुराचाही विचार करा, कारण वाळवंटात बुडून मेलेलेही असतात. कोरड्या नदीच्या पात्रात सावली असते, वाळू मऊ असते, राहुटी ठोकायला जागा फार छान वाटते. ती मोहाची जागा टाळा. अॅलिस स्प्रिंग्ज इथे टॉड नदीच्या कोरड्या पात्रात दरवर्षी बिनतळाच्या होड्यांची शर्यत होते. होडीत उभे राहायचे, ती हातांनी उचलायची आणि वाळूतून पळायचे. १९९३ साली ही शर्यत रद्द करावी लागली. नदीला पाणी आले होते.

आता पाणी.

अॅलिस स्प्रिंग्ज या नावातच झरा आहे, पण तिथे झरा नाही. नदीच्या वाळूखाली कातळ वर आलेला असल्यामुळे पाणी अडून साठते, तो डोह. १८७२ मध्ये अॅडलेडपासून डार्विनपर्यंत सुमारे बत्तीसशे किलोमीटरची तार पूर्ण झाली, तेव्हा या डोहाशेजारी तारेचे ठाणे झाले आणि तारखात्याचे प्रमुख चार्ल्स टॉड यांच्या पत्नीचे नाव डोहाला मिळाले. तिथे आधीपासून राहणाऱ्या अरेर्न्त लोकांचे त्या जागेला स्वतःचे नाव होतेच. तारेची ठाणी ठरावीक अंतरावर लागत, आणि प्रत्येक ठाण्याला बारमाही पाणी लागे. साहजिकच ती पाणवठ्यांवर बसली. पण वाळवंटात बारमाही पाणवठा बेवारस कसा असेल? जिथे पाणी आहे तिथे त्याचे धनी आहेत, त्यांचे नियम आहेत, पाळ्या आहेत. ते त्या घटकेला तिथे बसलेले नसतात एवढेच, कारण पाणी पुरवून वापरायचे तर फिरते राहावे लागते. फिरत्या माणसाची मालकी बसून राहणाऱ्या माणसाला दिसत नाही. बहुतेक रक्तपात इथून सुरू झाला.

सर्वांत लाजिरवाणे उदाहरण कॅनिंगचे. पश्चिम ऑस्ट्रेलियात विलुनापासून हॉल्स क्रीकपर्यंत गुरे हाकत नेण्यासाठी सुमारे साडेअठराशे किलोमीटरची वाट हवी होती. १९०६-०७ मध्ये अल्फ्रेड कॅनिंग पाहणीला गेला. पाणी शोधण्याची त्याची रीत अशी की वाळवंटातली माणसे पकडायची, पळू नयेत म्हणून साखळीने बांधायची आणि त्यांच्याकडून झिरे दाखवून घ्यायचे. त्याच्याच स्वयंपाक्याने तक्रार केली, १९०८ मध्ये चौकशी आयोग बसला, साखळ्या वापरल्याचे कॅनिंगने कबूल केले, आणि आयोगाने त्याला निर्दोष ठरवले. मग १९०८ ते १९१० या काळात पन्नासच्या आसपास विहिरी खोदल्या गेल्या, त्यांतल्या पुष्कळशा त्या लोकांच्याच झिऱ्यांवर. झिऱ्यावर हाताने वाळू उपसून, ओंजळीने प्यायची सोय होती. विहीर खोल, लाकडाने बांधलेली, रहाटाची, बादली जनावरांच्या हिशेबाने जड. मालकांनाच पाणी काढता येईना. त्यांनी विहिरी मोडल्या, तर त्याला नासधूस म्हटले गेले. ती वाट गुरांसाठी पुढे फारशी वापरलीही गेली नाही. नीती बाजूला ठेवून निव्वळ व्यवहार म्हणून पाहिले, तरी हा तोट्याचा सौदा होता. पाणी ज्याला माहीत आहे त्याच्याशी वैर करून तुम्ही त्या मुलखात किती दिवस काढणार? वस्तीच्या पहिल्या करारावर त्या माणसांची सही असली पाहिजे, आणि करारात त्यांचा वाटा पहिला असला पाहिजे.

जमिनीखालच्या पाण्यावर मी तासभर बोलू शकतो, बोलणार नाही. एकच गोष्ट सांगतो. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व-मध्य भागाखाली ग्रेट आर्टेशियन बेसिन नावाचा जलसाठा आहे. विस्तार सुमारे सतरा लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साडेपाच पट. पाणी दाबाखाली आहे, कूपनलिका खोदली की आपोआप वर येते, बऱ्याच ठिकाणी हात भाजेल इतके गरम. १८७८ मध्ये पहिली कूपनलिका वाहू लागली आणि लोकांना अक्षयपात्र मिळाल्यासारखे वाटले. हजारो कूपनलिका झाल्या, बहुतेकांना तोटी नाही. पाणी उघड्या चरांतून मैलोगणती वाहत ठेवायचे, वाटेत जनावरे पितील. त्यातले नव्वद टक्क्यांहून अधिक उडून किंवा जिरून जात असे. दाब कमी झाला, कित्येक कूपनलिका आणि हजारो वर्षे वाहणारे नैसर्गिक झरे बंद पडले. १९९९ पासून सरकार आणि जमीनधारक मिळून खर्च करून या कूपनलिकांना तोट्या बसवत आहेत, चरांच्या जागी नळ टाकत आहेत. ज्या पाण्याला तिथे पोचायला लाखो वर्षे लागली, त्याला तोटी बसवायला आपल्याला सव्वाशे वर्षे लागली. आपल्या काळ्या कातळात तर असला साठा मुळात नाही. मराठवाड्यात आपण हजार फुटांखाली जाऊन काय खरवडतो आहोत, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय.

उघड्या तळ्याचाही मोह टाळावा. त्या मुलखात वर्षभरात तीन मीटर खोलीचे पाणी उन्हाने उडून जाऊ शकते. पाऊस दीडशे-दोनशे मिलिमीटर, बाष्पीभवन तीन हजार. थरच्या वाळवंटातल्या माणसाने घराशेजारी झाकलेले टाके बांधले आणि खडीनमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, पाणी जमिनीत मुरवून त्या ओलीवर पीक घेतले, ते याच हिशेबाने. झाका, मुरवा, नळाने न्या. चौथा मार्ग मला माहीत नाही.

दुरून पाणी आणता येते का? येते, पण ते परवडण्यासाठी जमिनीत सोने लागते. १८९२ मध्ये कूलगार्डीला आणि १८९३ मध्ये कालगूर्लीला सोने सापडले. माणसे धावली. जमिनीखालचे पाणी खारे. ते उकळून, वाफ धरून गोडे करायचे आणि विकायचे. त्यासाठी आसपासचे रान जळणाला गेले. आंघोळ चैनीची बाब झाली, आणि घाणीतून विषमज्वराच्या साथी आल्या. मग सी. वाय. ओकॉनर या अभियंत्याने पर्थजवळ मंडारिंगला धरण बांधून तिथून कालगूर्लीपर्यंत साडेपाचशे किलोमीटरहून लांब नळ टाकायची योजना केली. वाटेत वाफेवर चालणारी आठ पंपगृहे. वर्तमानपत्रांनी आणि विधिमंडळातल्या विरोधकांनी त्याला इतके छळले की मार्च १९०२ मध्ये त्याने जीव दिला. पुढच्या जानेवारीत पाणी कालगूर्लीला पोचले. ते अजून येते, आणि वाटेतली शेतीची गावेही त्यावर जगतात. जगातल्या मोठ्या अभियांत्रिकी कामांत मी त्याची गणना करतो. पण नळ येऊनही कूलगार्डी खंगले, कालगूर्ली राहिले. सोने कुठे खोलवर होते, त्यावर ते ठरले. शेजारचे कनौना तर हजारोंची वस्ती असलेले गाव होते. आज तिथे स्मशान आणि पाट्या उरल्या आहेत.

घराबद्दल थोडक्यात सांगतो, कारण हा भाग सर्वांत सोपा आहे. कूबर पेडी इथे १९१५ मध्ये वडिलांबरोबर सोने शोधायला आलेल्या चौदा वर्षांच्या मुलाला ओपल सापडला, आणि खाणकामगार खोदलेल्या बोगद्यांतच राहू लागले. बाहेर पंचेचाळीस अंश, आत वर्षभर तेवीस ते पंचवीस, पंखाही न लावता. तिथे चर्च, दुकाने, हॉटेले जमिनीखाली आहेत. हे जमते कारण खडक मऊ आहे, पण छत धरून ठेवतो. आणि पाऊस नगण्य असल्यामुळे ते गळत नाही. खडक पाहिल्याशिवाय नक्कल करू नका. जिथे खोदता येत नाही तिथे जाड भिंत, चारही बाजूंनी रुंद पडवी, आणि पत्र्यावरचा प्रत्येक थेंब टाकीत. कूबर पेडीला पिण्याचे पाणी दूरच्या कूपनलिकेतून आणून, क्षार काढून मिळते. २०१७ पासून तिथली सुमारे सत्तर टक्के वीज वारा आणि उन्हाची आहे. पूर्वी सगळे डिझेल होते, आणि डिझेलचा टँकर अडला की गाव अडत असे.

वस्तीभोवतीच्या रानाकडे मात्र फार कुणी लक्ष देत नाही. ब्रोकन हिल ही खाणीची वस्ती १८८०च्या दशकात उभी राहिली. खाणीला टेकू हवेत, भट्टीला जळण हवे, शेळ्या-मेंढ्यांना चारा हवा; काही वर्षांत भोवतीची जमीन उघडी पडली. मग वादळागणिक वाळू घरात. कुंपणे पुरली जात, दारे उघडत नसत. अल्बर्ट मॉरिस हा खाण कंपनीतला धातुपरीक्षक फावल्या वेळात वनस्पतींचा अभ्यास करी. त्याने सांगितले की झाडे लावत बसण्याची गरज नाही, फक्त कुंपण घाला आणि ससे व जनावरे आत येऊ देऊ नका. १९३६ पासून गावाभोवती राखीव पट्टे कुंपणात घेतले. पाऊस झाला आणि स्थानिक गवत, झुडपे आपली आपण उगवली. १९३९ मध्ये मॉरिस वारला, पट्टे टिकले. वृक्षारोपणाचे फोटो काढणाऱ्या आपल्या नेत्यांना कुंपणाचा फोटो चांगला येत नाही, ही अडचण मला समजते. तरीही सांगतो, रस्ते आखण्याआधी कुंपण घाला.

माल आणायचा कसा? ऑस्ट्रेलियात उंट नव्हता. घोडे आणि बैल त्या वाळूत तहानेने मरत. थॉमस एल्डर या मेंढपाळ व्यापाऱ्याने कराचीहून शंभरावर उंट आणि एकतीस उंटवाले मागवले. १८६६ पासून त्याचा तांडा चालू लागला. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती, म्हणजे एका अर्थाने हा आपल्याच इलाख्यातला माल. बलुचिस्तान, सिंध, पंजाब, अफगाणिस्तान इथल्या या माणसांना तिथे सरसकट अफगाण म्हणत. तारेचे सामान, नळ, पीठ, लोकरीचे गठ्ठे, टपाल, सगळे त्यांनी वाहिले. त्यांच्या पाठीवर अंतर्भाग उभा राहिला असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. त्यांनी मरीसारख्या गावांत मशिदी बांधल्या, खजूर लावले. आणि त्यांना राहायला जागा दिली ती रेल्वेरुळांच्या पलीकडे. बायकामुले आणू दिली नाहीत, विसाव्या शतकात नागरिकत्व नाकारले. मोटारी आल्यावर धंदा बसला. उंट मारून टाका असा हुकूम झाला तेव्हा पुष्कळांनी ते मारण्याऐवजी रानात सोडले. आज तिथले मोकाट उंट त्यांचेच वंशज. वाळवंट ज्यांना कळत होते त्यांना वस्तीने कायम बाहेरचे मानले, आणि म्हणून ते कळणे वस्तीत मुरलेच नाही. नवे गाव काढाल तर हमाल, ड्रायव्हर आणि खोदकामवाला यांची घरे पहिल्या आळीत असू द्या.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. पाण्याअभावी गाव ओस पडते हे खरे, पण त्याहून अधिक वेळा ते दवाखान्याअभावी आणि शाळेअभावी ओस पडते. बाळंतपणाला बायको शहरात जाते, मूल शाळेला शहरात जाते, म्हातारी आई औषधाला शहरात जाते. मागे उरतो तो नोकरदार, आणि त्याची वस्ती होत नाही, मुक्काम होतो.

१९१७ मध्ये हॉल्स क्रीकला जिमी डार्सी नावाचा गुराखी घोड्यावरून पडला. पोटात गंभीर इजा. डॉक्टर नाही. पोस्टमास्तराने पर्थच्या डॉक्टरला तार केली, आणि डॉक्टरच्या तारेवरच्या सूचना ऐकत ऐकत, चाकूने, शस्त्रक्रिया केली. डॉक्टर स्वतः निघाले ते बोटीने, मोटारीने, शेवटी मिळेल त्या वाहनाने जवळजवळ दोन आठवड्यांनी पोचले. आदल्या दिवशीच रोगी गेला होता. शस्त्रक्रिया बरी झाली होती, हिवतापाने घात केला. ही बातमी देशभर गाजली. जॉन फ्लिन हे पाद्री त्याआधीपासून अंतर्भागात परिचारिका नेमण्याचे काम करत होते. त्यांनी विमानाचा ध्यास घेतला, आणि १९२८ मध्ये क्लोनकरीहून उडत्या डॉक्टरची सेवा सुरू झाली. पण विमान बोलवायचे कसे? दूरच्या गोठ्यांवर वीजच नव्हती. आल्फ्रेड ट्रेगर याने १९२९ मध्ये सायकलसारखे पायडल मारून चालणारा बिनतारी संच बनवला. हात मोकळे राहत, पाय वीज तयार करत. माझ्या दृष्टीने त्या शतकातल्या थोर यंत्रांपैकी हे एक. १९४२ पासून प्रत्येक ठिकाणी सारखी औषधपेटी ठेवली गेली, बाटल्यांवर नावाऐवजी आकडे. डॉक्टर बिनतारी संचावर सांगायचे, अमुक नंबरची गोळी द्या. वाचायला कच्च्या माणसालाही चूक करता येऊ नये अशी योजना. १९५१ मध्ये अॅलिस स्प्रिंग्जहून त्याच बिनतारी संचावर शाळा भरू लागली. दुसऱ्या टोकाला एकटा बसलेला मुलगा ‘हजर’ म्हणायचा तो शेकडो किलोमीटरवरून.

बायकांनी हा संच गप्पांसाठीही वापरला, ठरलेल्या वेळी, सगळ्यांनी सगळ्यांचे ऐकत. अधिकाऱ्यांना तो वेळेचा अपव्यय वाटे. मला वाटते, वेड लागण्यापासून तेवढ्याने कितीतरी घरे वाचली असतील.

खाणीच्या गावांबद्दल इथल्या तरुणांसाठी एक सांगणे आहे, कारण आपली मुले तिकडच्या खाणींत नोकरीला जातात. ली क्रीक हे कोळशाचे गाव. खाली कोळसा निघाला म्हणून १९८०च्या सुमाराला अख्खे गाव उचलून नव्या जागी बांधले, अगदी नीटनेटके. २०१५ मध्ये खाण बंद झाली आणि घरे रिकामी झाली. कंपनी खाण बंद करताना माणसांचे काय करणार, हे ती उघडतानाच लिहून घ्यावे. लिहून देत नसेल तर नोकरी करावी, पगार घ्यावा, घर मात्र तिथे बांधू नये.

शेवटी एका अशा वस्तीविषयी बोलतो, जी बाहेरच्यांनी काढली नाही. १९६०च्या आसपास सरकारने वाळवंटातल्या पिंटुपी आणि इतर लोकांना अॅलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेला पापुन्या या वसाहतीत गोळा केले. परक्या जमिनीवर, परक्या शेजाऱ्यांबरोबर, नव्या रोगांनी पुष्कळ माणसे गेली. १९७१ पासून तिथल्या चित्रकारांनी आपल्या भूमीच्या कथा फळ्यांवर रंगवायला सुरुवात केली आणि ती चित्रे जगभर गेली. पण मन पश्चिमेकडे ओढत होते. १९८१ मध्ये, कूपनलिकेला पाणी लागल्यावर, पिंटुपी कुटुंबे आपल्या मुलखात परतली आणि त्यांनी किंटोर वसवले, अॅलिस स्प्रिंग्जपासून पाचशे किलोमीटरहून दूर. जागा त्यांनी निवडली, कारण ती त्यांना ठाऊक होती. पाणी, दुकान, शाळा, दवाखाना हळूहळू आले.

मग मूत्रपिंडाचा आजार आला. डायलिसिससाठी म्हाताऱ्यांना अॅलिस स्प्रिंग्जला जावे लागे, कायमचे. ज्यांना जागा, गाणी, पाण्याची ठिकाणे ठाऊक होती, तीच माणसे शहराच्या कडेला एकटी मरू लागली, आणि मागे राहिलेल्यांना सांगणारे कुणी उरेना. सरकार म्हणे, इतक्या दूर यंत्र परवडत नाही. तेव्हा किंटोर आणि किविरकुरा इथल्या चित्रकारांनी एकत्र येऊन मोठी चित्रे काढली. नोव्हेंबर २००० मध्ये सिडनीत त्यांचा लिलाव झाला आणि दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. त्या पैशातून त्यांनी स्वतःची संस्था उभी केली. २००४ मध्ये किंटोरमध्ये डायलिसिस सुरू झाले, आणि आज ती संस्था दूरदूरच्या अनेक वस्त्यांत यंत्रे चालवते. रोगी घरी असतो.

तेव्हा जे कुणी नवी वस्ती काढायला निघतील, मग ते ऑस्ट्रेलियात असोत, थरमध्ये असोत की आणखी कुठे, त्यांना माझी एवढीच विनंती आहे. पहिल्या सभेत विहिरीचे अंदाजपत्रक मांडाल, त्याच सभेत दवाखान्याचेही मांडा. पैसे कमी पडले तर घरे कमी करा, दवाखाना काटू नका.